वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांनी सांगितलेलं घरी पोचलं का?

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. दवाखान्यात सगळं सांगितलं गेलं, कागदावर लिहूनही दिलं, पण घरी आल्यावर नेमकं काय करायचं ते कुणालाच धड ठाऊक नाही. मी चोपड्यात फॅमिली डॉक्टर आहे. माझ्या टेबलासमोर हे रोज घडतं, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवून हीच पत्रं घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी आई अमळनेर तालुक्यात गावी असते. वय ६६, चौथी शिकलेली. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मी नोकरीनिमित्त पुण्याला. दर दोन महिन्यांनी येऊन तिला डॉक्टरांकडे नेतो. डॉक्टर चांगले आहेत, समजावून सांगतात, आई मान हलवते. या खेपेला आलो तर बीपीची गोळी तिने कधीच बंद केलेली. कारण विचारलं तर म्हणे, ‘डॉक्टरच म्हटले, बीपी नॉर्मल आहे.’ सोमवारी उपास असतो, त्या दिवशी शुगरची गोळी घेते की नाही तेही नीट सांगत नाही. मी रागावलो, ती रडली. तिला वाचायला जेमतेम येतं. काय करू?

उत्तर : आधी आईला फोन करा आणि ते रागावणं मिटवून टाका. आईने डॉक्टरांचं नीट ऐकलं होतं आणि ऐकलं त्यावरून सरळ हिशोब केला. ताप उतरला की तापाची गोळी थांबते, जुलाब थांबले की त्याचं औषध थांबतं. आयुष्यभर तिने असंच केलं आणि त्यात काही चूक नव्हती. बीपीच्या गोळीचं तसं नसतं. ती चालू असते तोवरच आकडा खाली राहतो. गोळी थांबवली की तो हळूहळू पुन्हा चढतो, आणि चढताना बहुतेकांना काही जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. आईला ‘नॉर्मल आहे’ एवढं कळलं, ‘गोळीमुळे नॉर्मल आहे’ हे तिच्यापर्यंत पोचलं नाही. तेवढं एक वाक्य तुम्ही तिला सांगा, आणि बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे बीपी मोजून घ्या.

तिचं शिक्षण कमी म्हणून हे झालं, असं तुमच्या पत्रात ओळीओळीतून जाणवतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण फार नाही. अमेरिकेत टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅमिली डॉक्टरांच्या पातळीवरच्या तीन दवाखान्यांतल्या ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका बाटलीवर लिहिलं होतं, दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा. वाचन कच्चं असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटलं, दिवसभरात घ्यायच्या तेवढ्या गोळ्या बाटलीतून काढून दाखवा. बरोबर चार गोळ्या काढणारे निघाले ३५ टक्के. ज्यांना उत्तम वाचता येत होतं त्यांच्यातलेही काही जण इथे चुकले. म्हणजे सूचना तोंडाने सांगता आली तरी हातून ती बरोबर होईलच असं नाही.

म्हणून पुढच्या वेळी गावी गेलात की आईला तिची औषधाची पिशवी तुमच्यासमोर ओतायला सांगा. प्रत्येकीकडे ती असते, बहुधा साडीच्या दुकानाची. मग म्हणा, ‘आई, उद्या सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तू काय काय घेशील ते मला काढून दाखव.’ आणि गप्प बसा. ती अडखळली तरी मधे बोलू नका. ती चुकीची गोळी उचलते तेव्हा का उचलते, हे तुम्हाला तिथेच कळेल. एखादी गोळी ती ‘लाल, लहान’ म्हणून ओळखत असेल आणि दुकानदाराने या महिन्यात दुसऱ्या कंपनीची पांढरी दिली असेल, तर तिच्या लेखी जुनी गोळी संपली आणि ही कुठलीतरी नवीन आली.

त्या पिशवीत आणखी काय सापडतं ते मी माझ्या अनुभवावरून सांगते. एकच औषध दोन नावांनी हमखास सापडतं. गावच्या डॉक्टरांनी बीपीचं टेल्मिसार्टन एका कंपनीचं लिहिलेलं असतं, जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी तेच दुसऱ्या कंपनीचं. आई दोन्ही इमानेइतबारे घेते. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, त्याच्याजवळ बारीक अक्षरात खरं औषध आणि त्याचे मिलिग्रॅम असतात. तुम्ही ती बारीक ओळ वाचा, जुळणाऱ्या दोन पट्ट्या सापडल्या तर दोन्ही डॉक्टरांना दाखवा. मग कात्रीने अर्ध्या कापलेल्या पट्ट्या असतील, ज्यांवर ना नाव उरलंय ना मुदत. त्या टाकून द्या, आणि यापुढे पट्टी नाव-तारीख नसलेल्या टोकाकडून वापरायला सांगा. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी तर जवळजवळ नक्कीच सापडेल. बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्या बाईने ती रोज घेणं मूत्रपिंडाला महाग पडतं, शिवाय बीपीही चढतं. आई हे डॉक्टरांना सांगत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते ‘औषध’ नसतंच, नुसती दुखण्याची गोळी असते. पट्टीवर डावीकडे उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे मात्र तिला न वाचताही ओळखता येईल. रेघ दाखवून ठेवा.

सोमवारच्या उपासाचं नीट विचारा. श्रावण आहे, पुढे नवरात्र आहे, हा प्रश्न वाढणारच. शुगरची सगळी औषधं सारखी नसतात. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर एकट्या त्याने साखर धोकादायक खाली जाणं क्वचित होतं. त्यात ग्लिमेपिराइड मिसळलेलं असेल, आणि आपल्याकडे ते मिसळलेलं फार वेळा असतं, तर उपाशीपोटी ती गोळी घेतल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलणं तुटक होणं ही त्याची चिन्हं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, उपास मोडला तरी चालेल. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आई आपणहून विचारणार नाही. डॉक्टर ‘उपास करू नका’ म्हणतील या भीतीने ती उपास सांगतच नाही.

एक शेवटची विनंती, आणि ती तुम्हाला आहे. दवाखान्यात बोलतं कोण? मला तरी रोज हेच दिसतं की मुलगा बोलतो, डॉक्टर मुलाशी बोलतात आणि आई दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघत बसते. पुढच्या वेळी खुर्चीवर आईला बसवा, तुम्ही मागे उभे राहा. डॉक्टरांना विनंती करा की सगळं सांगून झालं की आईलाच तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. त्यांची परवानगी घेऊन ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिच्या आवाजात, तिच्या अहिराणीत. गोळ्यांची वेळ घड्याळाला बांधू नका, तिच्या दिवसाला बांधा. सकाळची चहाआधीची, देवपूजेनंतरची, रात्रीच्या भाकरीबरोबरची, असं. जेवणाआधीची कुठली आणि जेवणानंतरची कुठली, तेवढं मात्र डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. वय ५२. चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी ‘गोड बंद, पथ्य पाळा’ सांगितलं. चहातली साखर सोडली, मिठाई सोडली, केळी तर हातात धरत नाही, आणि बागेत दिवसभर तीच बघायची. तरी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा साडेआठ आला. मग पथ्य पाळून उपयोग काय?

उत्तर : भाऊ, तुम्ही जे सोडलंत ते मनापासून सोडलंत, पण काय सोडायचं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. ‘पथ्य पाळा’ म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं ताट येतं. तुमच्या ताटात रविवारी वरण-बट्टी असते का? किती बट्ट्या? आखाजीला पुरणाचे मांडे आणि आमरस झाला का? रात्री भाकरी दोन की चार? तुमच्या शरीरात साखर चहाच्या डब्यातून थोडी येते आणि गहू, ज्वारी, तांदूळ, बटाटा यांतून भरपूर येते. ती जिभेला गोड लागत नाही म्हणून हिशोबात धरली जात नाही.

एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, एका मध्यम पोळीत १५ ते २०. हे शेजारी ठेवून बघा. तुमचं मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाला एक लहान केळं किंवा मोठ्यातलं अर्धं, फार पिकून काळं न पडलेलं, दोन जेवणांच्या मधे खाल्लं तर चालण्यासारखं आहे. पोटभर जेवणावर आणखी केळं मात्र नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियममुळे केळी खरंच टाळावी लागतात, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून हे ठरवा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना आकडे मागा. सकाळी किती भाकरी, रात्री किती, बट्टी खायचीच झाली तर किती, सोबत कोशिंबीर आणि डाळ किती. कळण्याची भाकरी, भरीत, मेथी, डाळ हे आपलं जेवण मधुमेहाला वाईट नाही, प्रमाण तेवढं बघावं लागतं. साडेआठ आकड्यावर नुसत्या जेवणाने भागेलच असं नाही, औषधही वाढवावं लागू शकतं. औषध वाढवलं तर ती तुम्हाला शिक्षा झाली असं समजू नका.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे, वजन १० किलो. ताप आला की पॅरासिटामॉल देते. मागच्या वेळी दुकानात सिरप नव्हतं म्हणून त्याच नावाचे ड्रॉप मिळाले. नेहमीप्रमाणे एक चमचा द्यायचा का? (भुसावळ)

उत्तर : नाही, मुळीच नाही. हे उत्तर भुसावळच्या ताईंपुरतं नाही, घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाने वाचावं.

नाव आणि खोक्यावरचं चित्र सारखं असलं तरी ड्रॉप फार घट्ट असतात. बहुतेक ड्रॉपमध्ये एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि थोड्या मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये २५०. एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम हवं. ड्रॉपमधून ते एक ते दीड मिलिलिटरमध्येच मिळतं. पाच मिलिलिटरचा चमचा भरून ड्रॉप दिलेत तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, आणि दिवसातून चार वेळा असं झालं तर यकृताला धोका.

घरातले चमचे मोजायला वापरू नका, एकाच ट्रेमधले दोन चमचे सारखे नसतात. बाटलीसोबतचं मापाचं टोपण, ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. दुकानात ‘तापाचं औषध द्या’ एवढंच न म्हणता मुलीचं वजन सांगा आणि किती मिलिलिटर द्यायचं ते बाटलीवर लिहून घ्या. सर्दीच्या औषधातही बरेचदा पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे दोन्ही एकदम देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांना दिला. घरातली बाटली उलटून ही दोन नावं बघून घ्या.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशा आहे. आमच्या पाड्यांवर सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली. पुष्कळ जण पॉझिटिव्ह निघाले. आता एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय. एका घरात चांगल्या धडधाकट मुलाला ‘आजारी’ म्हणून कामाला पाठवत नाहीत. कागदावर एएस, एसएस असं काहीतरी लिहिलंय. लोकांना पावरीत मी कसं सांगू?

उत्तर : ताई, या महिन्यातलं हे सगळ्यात मोलाचं पत्र आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं ध्येय ठेवलं गेलं, आणि सातपुड्यात तपासण्या जोरात झाल्या. बोटातून थेंब घेणं सोपं असतं. त्या थेंबाचा अर्थ घराघरांत पोचवायचं काम शेवटी तुमच्यावरच येतं, कारण तिथे पावरीत बोलणारं दुसरं कोण आहे?

पहिली गोष्ट. सुरुवातीची जी झटपट विद्राव्यता चाचणी असते, ती वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. दोघांना वेगळं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. ज्याची फक्त पहिली चाचणी झाली आहे त्याला आजारी म्हणायचं नाही आणि निरोगीही म्हणायचं नाही, ‘अजून एक तपासणी बाकी आहे’ म्हणायचं. ज्यांच्या कागदावर एएस आहे ते वाहक. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला औषध लागत नाही, तो शेतात काम करू शकतो, लग्न करू शकतो. त्या घरातल्या मुलाचा कागद एएस असेल तर त्याला उद्यापासून कामाला पाठवायला सांगा.

एसएस म्हणजे रुग्ण. त्याच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलग घ्यायच्या. भरपूर पाणी प्यायचं, थंडीत भिजायचं नाही. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. छातीत दुखलं, दम लागला किंवा हाडं असह्य दुखू लागली तरी तसंच.

लग्नाचं सांगायला एक मूठ मका आणि एक मूठ काळे उडीद घ्या. मक्याचा दाणा चांगला, उडीद सिकलसेलचा. प्रत्येक माणसाच्या हातात दोन दाणे. दोन्ही मके असले तर एए, म्हणजे ना वाहक ना रुग्ण. एक मका, एक उडीद असला तर वाहक. दोन्ही उडीद असले तर रुग्ण. आता मुलगा आणि मुलगी दोघांनी डोळे मिटून आपल्या हातातला एकेक दाणा खाली ठेवायचा, ते त्यांचं बाळ. दोघं वाहक असतील तर चारातल्या एका वेळी दोन उडीद एकत्र येण्याची शक्यता असते. हे प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतं. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं लोक धरून चालतात, ते स्पष्ट खोडून काढा. दाणे पुन्हा पुन्हा टाकून दाखवा. मुलगा एए असेल आणि मुलगी वाहक, तर त्यांना एकही मूल दोन उडदांचं होऊ शकत नाही. हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या हाताने करायला लावा.

तेव्हा त्या मुलीच्या लग्नाबाबत विचारायचं ते एवढंच, की मुलाची तपासणी झाली का? झाली नसेल तर आधी ती करा. दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी करता येते हे त्यांना सांगून निर्णय त्यांच्यावर सोडा. आणि कुणाचा काय रिपोर्ट आहे हे पाड्यावर चारचौघांत वाचू नका, ज्याचा त्याला घरात बसून सांगा. निम्मं नुकसान त्या जाहीर वाचनाने झालं असावं.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. बाजाराच्या दिवशी ओपीडी शंभरच्या वर जाते. रुग्णाला समजावून सांगावं हे मला पटतं, पण वेळ कुठून आणू?

उत्तर : डॉक्टर, तुमची तक्रार खरी आहे. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतले डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा आढावा आला होता. बांगलादेशात एका रुग्णामागे सरासरी ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपण दोन मिनिटांच्या आसपास आहोत. तुम्ही प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या ऐंशी जणांना सर्दी, खोकला, खरूज, अंगदुखी असते. उरलेल्यांपैकी ज्यांना आज नवीन आजार सांगितलात, नवीन औषध सुरू केलंत, इन्सुलिन किंवा टीबीची औषधं लिहिलीत, आणि ज्या गरोदर आहेत, एवढ्यांपुरतं हे करा.

त्यांना ‘समजलं ना?’ विचारून काही हाती लागत नाही. बाहेर रांग आहे, डॉक्टर घाईत आहेत, माणूस ‘हाव’ म्हणूनच उठणार. माझ्या दवाखान्यात मी अहिराणीत म्हणते, ‘घर जाईसन कोणती गोयी कव्हय खाशात, माले सांगा बरं. मी नीट सांगं का नही ते माले पाहानं शे.’ (घरी जाऊन कोणती गोळी कधी खाल, मला सांगा बरं. मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचं आहे.) परीक्षा माझी आहे हे आधीच सांगितलं की माणूस मोकळा होतो. तो काय सांगतो ते ऐकायला अर्धं मिनिट लागतं. चुकलं असेल तर तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत सांगायचा आणि पुन्हा विचारायचं. सॅन फ्रान्सिस्कोत डीन शिलिंगर यांनी २००३ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. रुग्णाला काय कळलं हे पडताळणारे डॉक्टर फार थोडे होते. जे पडताळत होते त्यांच्या भेटी लांबल्या नव्हत्या, आणि त्यांच्या रुग्णांची साखर आटोक्यात असण्याचं प्रमाण जास्त होतं. अभ्यास लहान होता, पण वेळ जातो या भीतीला तो चांगलं उत्तर आहे.

चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिण्याची आपल्याला इतकी सवय असते की तेही शिकवावं लागतं हे लक्षात येत नाही. तुमच्या औषधाच्या खिडकीवर जे बसतात त्यांना बरोबर घ्या. पट्टीवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढायला त्यांना चार दिवसांत जमेल. टीबीच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा की दोन महिन्यांत खोकला थांबेल, वजन वाढेल, आणि तेव्हाच औषध सोडावंसं वाटेल. सहा महिन्यांचं औषध अर्ध्यावर सुटतं ते बहुधा बरं वाटू लागल्यावरच.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र कितीही रांग असली तरी थांबा. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. शंभर युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. दुकानदाराने चुकीची दिली तर डोस अडीचपट इकडे किंवा तिकडे होतो. बाटली आणि सिरिंज दोन्ही टेबलावर मागवून घ्या, रुग्णाला किंवा त्याच्या सुनेला स्वतः भरून दाखवायला लावा, मगच पाठवा. तुमची नर्स हे तुमच्याइतकंच चांगलं करू शकेल.

प्रश्न : कंपनीच्या शिबिरात माझ्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. दोन आकडे ठळक अक्षरात आले आहेत, थोडेसेच बाहेर. इंटरनेटवर वाचून झोप उडाली आहे. (धुळे)

उत्तर : रिपोर्टवरची मर्यादा बहुधा अशी ठरवतात, की शंभर निरोगी माणसं तपासली तर त्यातल्या ९५ जणांचे आकडे तिच्या आत येतील. उरलेले पाचही निरोगीच असतात. त्यामुळे एकाच वेळी वीस तपासण्या केल्या की ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा ठळक होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मर्यादेला चिकटून बाहेर गेलेला एक आकडा आणि दुपटीने वाढलेला आकडा यांची छपाई सारखीच असते, म्हणून घाबरायला होतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत हिमोग्लोबिन किंचित वर आणि क्रिएटिनिन किंचित वर आहे. रात्रपाळी करून, पाणी न पिता, उपाशी रक्त दिलं असेल तर दोन्ही तेवढ्यानेही होऊ शकतं. तरी क्रिएटिनिन तसंच सोडू नका. पुरेसं पाणी पिऊन, आदल्या दिवशी जड व्यायाम न करता आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा, सोबत लघवीतलं प्रोटीन बघा, आणि दोन्ही कागद तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन जा. मागच्या वर्षीच्या शिबिराचा रिपोर्ट घरात असेल तर तोही न्या, त्यातल्या आकड्याशी तुलना करून त्यांना लवकर निर्णय घेता येईल.